जोतिबाला ‘ज्य’ कोणी जोडला?

#थ्रेड

दरवर्षी ११ एप्रिल उजाडला की समाजमाध्यमांवर अभिवादनाच्या असंख्य प्रतिमा फिरू लागतात. त्यांतील कित्येकांवर ठळक अक्षरांत ‘महात्मा ज्योतिबा फुले’ असे छापलेले असते. ज्यांना अभिवादन करायचे त्यांच्या पुस्तकांवर मात्र हे नाव नाही. तेथे ‘जोतीराव गोविंदराव फुले’ आहे आणि अखंडांच्या अखेरच्या नाममुद्रेत नुसते ‘जोती’ आहे.

एका जोडाक्षराचा हा फरक. त्यासाठी एवढा मोठा धागा कशाला, असे कोणी म्हणेल. पण या ‘ज्य’मागे एक अख्खा डोंगर झाकला गेला आहे, आणि त्या डोंगरावरून आलेले मुलाचे एक जुने नाव आज बारशातून जवळपास हद्दपार झाले आहे.

तो डोंगर कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळा तालुक्यात आहे. गावाचे नाव वाडी रत्नागिरी. (कोकणातल्या रत्नागिरीशी याचा संबंध नाही, दैवताने रत्नासुराचा वध केला म्हणून हे नाव, असे स्थलपुराण सांगते.) येथील देव केदारनाथ, केदारलिंग या नावांनी पोथ्यांत येतो. लोकांच्या तोंडी तो जोतिबा. करवीरच्या अंबाबाईच्या साहाय्याला धावून आलेला, घोड्यावर फिरणारा, गुलालाने माखलेला हा दख्खनचा राजा. चैत्र पौर्णिमेला उंच सासनकाठ्या नाचवत गावेच्या गावे डोंगर चढतात आणि ‘चांगभलं’च्या गजरात सारा डोंगर गुलाबी होतो.

नावाची घडण साधी आहे. ‘बा’ म्हणजे बाप, वडीलधारा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, बिरोबा यांच्याच पंक्तीतला हा जोतिबा. महाराष्ट्रातील शेतकरी आणि धनगर समाजांनी आपल्या देवांना स्वर्गातले अधिपती मानण्यापेक्षा घरातले कर्ते पुरुष मानले, हे या एका प्रत्ययातून कळते. ज्या देवाला नवस बोलावा त्याचेच नाव मुलाला द्यावे, ही रीत. खंडोबाचा खंडू आणि खंडेराव होतो, बिरोबाचा बिरू होतो. तसेच जोतिबावरून जोती, जोतिराम, जोतीराव, जोत्याजी. शाहू महाराजांच्या मोगली कैदेतील सोबती म्हणून इतिहासग्रंथांत भेटणारे जोत्याजी केसरकर याच नावाचे. देवाचे नाव जसेच्या तसे लावलेले जोतिबाही होतेच.

हे नाव कुठे कुठे पसरले याचा शोध घेताना एक मजेदार गोष्ट हाती लागते. डोंगरावरचे मूळ देवालय बांधणारा म्हणून परंपरा ज्या नावजीचे नाव घेते, तो किवळ गावचा. सध्याचे मुख्य देवालय १७३० मध्ये उभारणारे राणोजी शिंदे कण्हेरखेडचे. फुल्यांचे मूळ घराणे, म्हणजे गोऱ्हे, कटगुणचे. ही तिन्ही गावे आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत, आणि चैत्र यात्रेत पहिल्या मानाची सासनकाठी येते तीही साताऱ्याकडच्या पाडळीची. म्हणजे देव कोल्हापूरचा असला तरी त्याचे नाव घेऊन वावरणारी माणसे कृष्णेच्या खोऱ्यात दूरवर विखुरलेली होती. काठ्या ज्या वाटांनी डोंगराकडे येत, त्याच वाटांनी हे नाव परत गावोगावी जात असे.

राणोजींच्या मुलांची नावे पाहावीत : जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी, महादजी. बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी आणि दिल्लीचे राजकारण हाकणारे महादजी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या या भावाचे नाव फारसे कोणी घेत नाही. पुढे शिंदे ग्वाल्हेरचे अधिपती झाले, तरी डोंगराशी त्यांचे नाते तुटले नाही. १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे आणखी एक देवालय बांधले. त्याच घराण्यातील आजच्या राजकारण्याचे नाव ज्योतिरादित्य आहे. एकाच वंशाच्या दोन टोकांना जोतिबा आणि ज्योतिरादित्य ही नावे असावीत, यात गेल्या अडीचशे वर्षांतील अभिरुचीचा प्रवास दिसतो.

आता फुल्यांच्या नावाकडे. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाला म्हणून मुलाचे नाव जोती ठेवले, असे चरित्रकार सांगतात. अशा कथा पुष्कळदा मागाहून रचल्या जातात, म्हणून ही पडताळून पाहणे बरे. पडताळणीचे साधन थोडे अनपेक्षित आहे : ख्रिस्ती ईस्टर. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. १८२७ मध्ये तो १५ एप्रिलला आला. म्हणजे पौर्णिमा त्याच आठवड्यात होती. आकडेमोड केल्यास ती ११ एप्रिलच्या आसपास पडते आणि महिना चैत्रच येतो. कथा आणि पंचांग एकमेकांना धरून आहेत.

पुण्यात वाढलेल्या या मुलाचे नाव असे कोल्हापूरच्या डोंगराकडे बोट दाखवते. पुढे ते नाव कोल्हापूरला परतलेही. ११ जानेवारी १९११ रोजी कोल्हापुरात श्रीशाहू सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि ज्या प्रदेशात ‘जोतिबा’ म्हटले की फक्त गुलाल आठवत असे, तेथे त्या शब्दाला दुसरा अर्थ मिळाला. देवाचे नाव माणसाला आणि त्या माणसाच्या विचारांमुळे पुन्हा त्या मातीला, असा हा फेरा. ‘गुलामगिरी’त खंडोबा-म्हसोबांना बळीराजाचे अधिकारी ठरवणाऱ्या लेखकाचे स्वतःचे नावही याच लोकदैवतांच्या घराण्यातले असावे, हे किती चपखल आहे.

मग ‘ज्य’ आला कोठून?

एक उत्तर शाळेच्या फळ्यावर आहे. बोलीतले ते अशुद्ध आणि संस्कृताशी जुळणारे ते शुद्ध, ही समजूत मराठी शिक्षणात फार खोल रुजलेली आहे. ‘जोती’ ऐकले की शिकलेल्या कानाला ते ‘ज्योती’चे मोडके रूप वाटते आणि हात आपोआप दुरुस्ती करतो. दुसरे उत्तर उत्तरेकडचे. हिंदीत ‘ज्योतिबा’ हेच रूप रूढ झाले. बरेलीच्या विद्यापीठाला ‘महात्मा ज्योतिबा फुले रुहेलखंड विश्वविद्यालय’ हे नाव मिळाले. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात ‘ज्योतिबा फुले नगर’ हा जिल्हाही झाला, जो २०१२ पासून पुन्हा अमरोहा आहे. हिंदी भाषकांनी आपल्या उच्चाराप्रमाणे लिहिले, त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण तेच रूप फिरून महाराष्ट्रात येते आणि मराठी माणूस ते अधिक ‘बरोबर’ समजून स्वीकारतो, हे खटकते.

या दुरुस्तीत एक कडवट विनोदही दडलेला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांवर टीका करताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची भरपूर टिंगल केली होती. ज्या लेखकाने त्या उपहासाला न जुमानता आपल्या लोकांच्या भाषेत लिहिले, त्याच्या जयंतीच्या फलकावर त्याचेच नाव ‘शुद्ध’ करून लावले जाते, आणि तेही बहुधा त्याच्या चाहत्यांकडून.

‘ज्योतिबा’च्या समर्थकांचा एक युक्तिवाद विचारात घेण्यासारखा आहे. केदारनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक; म्हणून केदारलिंग म्हणजे ज्योतिर्लिंग आणि जोतिबा म्हणजे ज्योतिबा. पण ते ज्योतिर्लिंग हिमालयातले. वाडी रत्नागिरीच्या गाभाऱ्यात पूजली जाते ती चतुर्भुज उभी मूर्ती. शिवाय मूळ शब्द ‘ज्योती’ मानला तरी त्यातून ‘ज्य’ लिहिण्याचे बंधन येत नाही. शब्दाच्या आरंभीचे असे जोडाक्षर प्राकृतातच सुटे झाले : व्याघ्राचा वाघ झाला, श्यामलाचा सावळा झाला. वाघाला अशुद्ध ठरवून कोणी ‘व्याघ’ लिहीत नाही. जोतिबालाही तेवढीच मुभा असावी.

आणि येथेच बारशाचा प्रश्न येतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगाव या पट्ट्यात आजोबांच्या पिढीत जोतिबा, जोतिराम ही नावे सहज भेटतात. नातवंडांत ती शोधावी लागतात. नावांची फॅशन बदलते, हे खरेच. परंतु एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. खंडेराव किंवा मल्हार ही नावे शहरी घरांत पुन्हा दिसू लागली आहेत, कारण त्यांना इतिहासाचा रुबाब चिकटला. जोतिबाच्या वाट्याला तो आला नाही. ‘ज्योती’ म्हटले की मुलगी डोळ्यांसमोर येते आणि ‘जोती’ म्हटले की शेत. शब्द ‘शुद्ध’ केला तर तो मुलाचा राहत नाही, आणि आहे तसा ठेवला तर गावठी ठरतो. अशा कात्रीत सापडलेले नाव पालक सोडून देतात आणि आरव किंवा विहान निवडतात. यात पालकांचा दोष थोडा आहे. जोतिबा हे नाव गावंढळ असल्याचे त्यांना ज्या शिक्षणाने शिकवले, त्याचा दोष मोठा.

वास्तविक या नावाइतका भरगच्च वारसा फार थोड्या नावांना असेल. पेशवाईतला सरदार, शाहूंचा कैदेतला सोबती, मुलींची शाळा काढणारा पुण्याचा माळी आणि चैत्रातला गुलाल, हे सारे तीन अक्षरांत मावते. उच्चार सोपा, लिहायला सोपे, आणि वर्गात त्याच नावाचे दुसरे चार विद्यार्थी असण्याची भीती नाही.

असे नाव ठेवण्याचे धैर्य कोणी केलेच, तर जन्मनोंदणीच्या वेळी एक काळजी घ्यावी. इंग्रजी रकान्यात ‘जे’ आणि ‘ओ’ यांच्या मध्ये ‘वाय’ घुसू देऊ नये. लिहिणारा सवयीने तो घालण्याचा संभव मोठा. दाखला हवाच असेल तर १८८६ च्या मुंबई गॅझेटियरचा कोल्हापूर खंड पाहावा. परभाषक साहेबांच्या त्या ग्रंथात हा डोंगर ‘वाय’वाचूनच, लोक म्हणत तसाच, जोतिबाचा डोंगर म्हणून नोंदवलेला आहे.