पहिले तीन महिने

स्ट्रोकच्या रुग्णाला हात उचलायला लावतात, पाय उचलायला लावतात, बोलायला लावतात. दृष्टिक्षेत्र तपासायचे मात्र बरेचदा राहून जाते. स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएचएसएसच्या 42 गुणांत पूर्ण हेमियानोपियाला 2 गुण. त्यामुळे धडधाकट चालणारा, स्पष्ट बोलणारा ऑक्सिपिटल स्ट्रोकचा रुग्ण 'किरकोळ' ठरून घरी जातो आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटत राहतो. आपल्याकडे, डोळ्यांच्या तपासणीला, येतो तो 'डाव्या डोळ्याने दिसत नाही' ही तक्रार घेऊन. तक्त्यावर 6/6 वाचतो, मग चष्म्याचा नंबर तेवढा बदलून मिळतो!

पेरिमेट्री झालीच, तर 'मेंदूतली गेलेली नजर येत नाही' असे सांगून आपण मोकळे होतो. पण 1917 मध्येच जॉर्ज रिडॉक यांनी नोंदवले होते, की डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना आंधळ्या बाजूची स्थिर वस्तू दिसत नसली, तरी हलणारी जाणवते. प्राथमिक दृष्टिकेंद्र वगळून जाणाऱ्या काही वाटा शाबूत राहतात. रॉचेस्टर विद्यापीठात क्रिस्टेल हक्सलिन यांनी या वाटांचाच आधार घेतला: आंधळ्या भागात हलत्या ठिपक्यांची दिशा ओळखायची, घरच्या संगणकावर, रोज, कित्येक महिने.

त्यांच्या गटाचा 2020 मधला निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत काही रुग्णांना आंधळ्या भागातही हालचालीची दिशा ओळखता येत होती. सहा महिन्यांनंतरच्या रुग्णांत ही क्षमता उरलेली नव्हती. लवकर सराव सुरू केलेल्यांची सुधारणा जास्त वेगाने झाली. या काळात नजर आपसूकही सुधारते, हे खरे; पण सराव न दिलेल्या रुग्णांत हालचालीची दिशा ओळखण्याची क्षमता आपसूक परतली नाही. अभ्यास लहान आहे, तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

उलट टोकाचा उत्साहही नको. पूर्वी गाजलेल्या एका संगणकीय उपचाराचा फायदा, फिक्सेशनवर काटेकोर नजर ठेवून मोजल्यावर, 2005 च्या जर्मन अभ्यासात दिसला नाही. रुग्ण डोळा किंचित वळवतो आणि क्षेत्र रुंदावल्याचा भास होतो. म्हणून कोणी सॉफ्टवेअर विकायला आले, तर आधी आय-ट्रॅकिंगचे विचारावे.

आज हाती आहे ते एवढे: डिस्चार्जआधी बोटांनी कन्फ्रंटेशन, रुग्ण बसू लागताच पेरिमेट्री, तीन महिन्यांनी पुन्हा. सोबत नजर फिरवून शोधण्याचा सराव. त्याने क्षेत्र वाढत नाही, पण रस्ता ओलांडताना उपयोग होतो. आणि गाडी तूर्त चालवू नका, हे नातेवाइकांसमोर, स्पष्ट शब्दांत.