सिंधुदुर्गाचा सन्मान आणि वेरूळचा अनुभव

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आहेत आणि त्यांतला एक मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्ग. हा सन्मान सर्वथैव योग्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि ज्या जिल्ह्याला अशा सन्मानाचा चार दशकांचा अनुभव आहे, त्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून या घटनेकडे पाहताना आनंदाबरोबर काही प्रश्नही मनात येतात. वेरूळ आणि अजिंठा यांना हा मान १९८३ सालीच मिळाला होता. त्यानंतर रस्ते झाले, विमानतळ वाढला, हॉटेले उभी राहिली. परंतु सकाळी येऊन, लेणी पाहून, संध्याकाळी निघून जाणाऱ्या प्रवाशाच्या खर्चातून वेरूळ आणि फर्दापूर या गावांच्या हाती काय पडले, हा हिशेब मांडू गेल्यास गावाच्या बाजूला माळा, रंगीत दगड आणि चहाच्या टपऱ्या एवढेच प्रामुख्याने दिसते. मोठा पैसा वाहतूक, निवास आणि मध्यस्थ यांच्याकडे जातो.

सिंधुदुर्गाचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण ते बेट आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. अठ्ठेचाळीस एकरांच्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भोवती खारे पाणी असताना आत गोडे पाणी लागावे, याचे नवल आजही सहलीतल्या मुलांना वाटते. परंतु आजचा प्रवासी केवळ किल्ला पाहण्यासाठी येत नाही. होडीतून किल्ला झाला की तो समुद्रात उतरतो. नळी तोंडात धरून पाण्याखालचे प्रवाळ पाहणे, पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी जाणे, नौकेमागे छत्रीने आकाशात उडणे, तारकर्लीच्या वाळूत लोळणे, देवबागच्या संगमावर फिरणे, पहाटे डॉल्फिन शोधणे हा त्याचा कार्यक्रम असतो. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा एवढ्या विस्ताराची कल्पना फार थोड्यांना असेल.

यात वाईट काही नाही. किंबहुना, ज्याच्या जाळ्यात मासा येईनासा झाला त्या मच्छीमाराच्या मुलाला या व्यवसायाने आधार दिला आहे. रापण ओढणाऱ्यांचा यांत्रिक नौकांशी आणि पर्ससीन जाळ्यांशी चाललेला झगडा जुना आहे. त्यात हरत आलेल्या घरांनी खोल्या बांधून पाहुणे ठेवले, होडीला जीवरक्षक जॅकेटे आणली. प्रश्न एवढाच की, हा धंदा ज्या भांडवलावर चालतो ते भांडवल कोणाच्याही मालकीचे नाही. ते पाण्याखाली आहे.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, सजीवांची वसाहत होय. काही जाती वर्षाला सेंटीमीटरभर वाढतात, काही त्याहूनही कमी. एका नांगराने जे एका क्षणात मोडते, ते पुन्हा उभे राहण्यास माणसाचे अर्धे आयुष्य लागू शकते. नवख्या पाणबुड्याचा पाय लागतो, मासे जमावेत म्हणून पाव टाकला जातो, छायाचित्रासाठी तळाला हात टेकला जातो. एकेकाची हानी क्षुल्लक, सर्वांची मिळून भयंकर. अर्थशास्त्रात सामायिक संपत्तीचा जो प्रश्न शिकवला जातो, तो विद्यार्थ्यांना गायरानाच्या उदाहरणाने कळतो; मालवणच्या समुद्राचे उदाहरण अधिक चांगले ठरेल. प्रत्येक व्यावसायिकाला आज एक फेरी अधिक मारण्यात लाभ असतो आणि तोटा मात्र सगळ्यांच्या उद्यावर पडतो. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी त्यास विरोध केला. ती भीती अनाठायी नव्हती. परंतु निर्बंध कोणावर हवेत आणि ते कोणी ठरवावेत, ही चर्चा त्या विरोधानंतर पुढे जावयास हवी होती, ती पुरेशी गेली नाही.

येथे अजिंठ्याकडून शिकण्यासारखे आहे. चित्रांना धूर आणि गर्दी यांचा धोका आहे हे कळल्यावर खाजगी वाहने फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबवण्यात आली आणि पुढचे चार किलोमीटर वेगळ्या बसने जाणे बंधनकारक झाले. प्रवाशांची गैरसोय झाली, तक्रारीही झाल्या. पण अजिंठ्याला येणाऱ्यांचा ओघ त्यामुळे आटला नाही. पाण्याखालच्या चित्रांसाठी असा टी पॉइंट का नसावा? एका ठिकाणी दिवसाला किती जण उतरतील याची मर्यादा, नांगराऐवजी कायमचे बांधलेले तरंगते खुंट, आणि ठरलेला एकच दर, या तीन गोष्टी अशक्य नाहीत. दराचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. किनाऱ्यावर गिऱ्हाईक ओढण्यासाठी दर पाडले गेले की ती कपात पाण्याखालच्या वेळेतून, प्रशिक्षकांच्या संख्येतून आणि साधनांच्या देखभालीतून भरून काढली जाते. स्पर्धेने ग्राहकाचा लाभ होतो हे सूत्र येथे उलटते, कारण टाकीतली हवा कशी आहे हे ग्राहकाला पारखता येत नाही. निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीच्या समुद्रतळाशी ठेवून पाणबुड्यांसाठी नवे आकर्षण निर्माण करण्याची शासनाची योजना या दृष्टीने स्वागतार्ह आहे. नैसर्गिक प्रवाळांवरचा भार तिने हलका झाला तर.

दुसरा विषय जिवाचा आहे. एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातील आठ जण मालवणजवळ वायरी येथे बुडाले. मे २०२२ मध्ये, हंगाम संपण्याच्या तोंडावर, तारकर्लीजवळ पाणबुडीहून परतणारी प्रवाशांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. पहिली घटना मराठवाड्यातील शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. येथील मुलांचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. धरणाचे पाणी सकाळी जेथे असते तेथेच संध्याकाळी असते. भरती-ओहोटी हा त्यांच्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातला धडा असतो, आणि ओहोटीचे पाणी उभ्या माणसाला आत ओढू शकते हे त्या धड्यात क्वचितच शिकवले जाते. सहाशे किलोमीटरचा प्रवास करून पन्नास मुले एकदम वाळूवर धावतात, तेव्हा सोबतच्या दोन शिक्षकांपैकी दोघांनाही पोहता येत नसते. सहलीच्या परवानगीसाठी पालकांची संमतीपत्रे गोळा होतात, बसची कागदपत्रे तपासली जातात. त्या दिवशीची ओहोटी किती वाजता आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मराठवाड्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्याआधी मालवण नगर परिषदेने बंदरावर आणि किनाऱ्यावर रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरांत लावाव्यात आणि पोहण्याच्या जागेवर पगारी जीवरक्षक ठेवावेत. त्यांचा पगार प्रवाशांकडून घ्यावयाच्या अल्पशा करातून सहज निघेल, आणि या नेमणुका किनाऱ्यावरच्या मच्छीमार तरुणांनाच मिळाव्यात, कारण त्या पाण्याची नस त्यांच्याइतकी बाहेरच्या कोणाला ठाऊक नाही. जागतिक वारशाच्या व्यवस्थापनाचा आराखडा सावकाश होईल तेव्हा होवो. फलक आणि जीवरक्षक यांना तेवढी वाट पाहण्याची गरज नाही.