लाइटबिलावर सही कुणाची?

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी सव्वानऊला अडकलं की गाडी कुठली आहे याला फारसा अर्थ उरत नाही. पुढे कंटेनर, डावीकडे कंपनीची बस, उजवीकडून उलटी घुसलेली रिक्षा. गेल्या महिन्यात अशाच कोंडीत मी ऐंशी लाखांच्या एका नव्या एसयूव्हीत बसलो होतो. टेस्ट ड्राइव्ह मीच हट्टाने चाकणला न्यायला लावली होती. एक्स्प्रेसवेवर काय, सगळ्याच गाड्या छान चालतात. शोरूमचा मुलगा शेजारी. तो म्हणाला, “सर, ही हायब्रीड आहे.”

“मग इंजिन बंद ठेव आणि बॅटरीवर हा चौक पार करून दाखव,” मी म्हटलं.

तो ओशाळून हसला. “सर, ही माइल्ड आहे.”

माझं भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. पाच सीएनसी मशीन आणि कोपऱ्यात एक जुना एचएमटी लेथ, जो विकायला मन होत नाही. आम्ही शाफ्ट आणि बुश करतो. आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर एक आणि डब्यात दुसरं निघालं तर लॉट परत येतो. गाड्यांच्या बाजारात ‘हायब्रीड’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळे जॉब खपवले जातात आणि कुणी रिजेक्शन करत नाही.

या गाडीत माइल्ड हायब्रीड म्हणजे काय, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवलेला दणकट स्टार्टर, जो जनरेटरचंही काम करतो. 48 व्होल्ट. ब्रेक मारताना वीज साठवतो, गाडी उचलताना इंजिनाला खांदा देतो. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन असं सुरू होतं की मांडीवरचा चहा हलत नाही. काम सुंदर आहे, मी कौतुकच करतो. पण बॅटरीत मावते साधारण एक युनिट वीज. घरातला दोन किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासात तेवढी खातो. त्यावर अडीच टनांची गाडी स्वतःच्या हिमतीवर चालत नाही. ही गाडी पेट्रोल-डिझेलचीच, फक्त जरा शहाणी.

प्लग-इनचं तसं नाही. तिला भिंतीतला प्लग लागतो, आणि तो लावला तर रोजचा थोडा प्रवास खरोखर इंधनाशिवाय होतो. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एक्सएममध्ये पंचवीसेक युनिटची बॅटरी आहे; साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती भरायची तर रात्र जाते. किंमत तेव्हा एक्स-शोरूम 2 कोटी 60 लाख. ती तयार बाहेरून येते आणि अशा महागड्या आयात गाड्यांवर शंभर टक्क्यांहून जास्त आयातकर बसतो. उलट आपल्या चाकणच्या कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या मर्सिडीजच्या जीएलसी, जीएलई, जीएलएस या तिन्ही माइल्ड. 1995 साली पिंपरीत टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडायला सुरुवात झाली, 2009 मध्ये चाकणला मर्सिडीजचा स्वतःचा कारखाना आला, आता तिथे पूर्ण इलेक्ट्रिक ईक्यूएसही तयार होते. मधली पायरी तेवढी आपल्याकडे जवळपास रिकामीच राहिली.

आणि गंमत म्हणजे ती पायरी पुण्यात फार लवकर कुणाला तरी सुचली होती. 2010 मध्ये केपीआयटीने भारत फोर्जच्या साथीने ‘रेवोलो’ आणलं, म्हणजे चालू गाडीला प्लग-इन हायब्रीड करणारा संच. जुनी गाडी, वर मोटर, डिकीत बॅटरी, घरी चार्जिंग. त्या वेळी आमच्या शेडबाहेर चहाच्या टपरीवर त्यावर आठवडाभर वाद झाला होता. बाजारात मात्र तो संच रुजला नाही. सरकारनेही मधल्या काळात गोंधळच घातला. 2015 च्या फेम योजनेत माइल्ड हायब्रीडलाही अनुदान होतं, सियाझ-अर्टिगासारख्या गाड्यांना काही हजार रुपये मिळत. 2017 च्या एप्रिलपासून माइल्ड त्यातून वगळल्या गेल्या. आता 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी सरसकट 40 टक्के, मग ती माइल्ड असो की प्लग-इन. इलेक्ट्रिकला 5. म्हणजे करात फरक नाही, फरक पडलाच तर वापरात.

वापराची गोष्ट मला माझ्या एका मित्राच्या गाडीने शिकवली. आम्ही एकाच बॅचचे अप्रेंटिस. त्याचं आता चाकणजवळ प्रेस शॉप आहे. त्याने मुंबईतून सेकंडहँड प्लग-इन एसयूव्ही घेतली. नवी होती तेव्हा कंपनी बॅटरीवर चाळीसेक किलोमीटर सांगायची. याचं घर प्राधिकरणात, शॉप वीस-बावीस किलोमीटरवर. कागदावर याच्याइतकं योग्य गिऱ्हाईक सापडणार नाही. स्वतःचा बंगला, स्वतःचा मीटर, ठरलेला रस्ता.

सात-आठ महिन्यांनी त्याच्याबरोबर एका मोठ्या कंपनीत मीटिंगला गेलो. व्हेंडरच्या गाड्या गेटबाहेर, धुळीत. तीन तासांनी बाहेर आलो तर इंजिन चालू, एसी चालू, आणि ड्रायव्हर मागच्या सीटवर आडवा. डोक्याखाली काळी, चेन लावलेली पिशवी. मी विचारलं, ही काय? मित्र म्हणाला, “चार्जिंगची केबल.” उशी छान मऊ होती असं ड्रायव्हरने प्रांजळपणे सांगितलं.

मला हसू आलं, मग वाईट वाटलं. कारण प्लग-इनचा सगळ्यात मोठा फायदा नेमका त्या माणसालाच होता. बॅटरी भरलेली असती तर इंजिन न लावता, धूर न करता तो बराच वेळ गारव्यात झोपू शकला असता.

परतताना मी ड्रायव्हरला विचारलं, रोज रात्री चार्जिंगला का लावत नाहीस? तो मोशीचा, साताठ वर्षांपासून याच्याकडे. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “लावीन की साहेब. पण पेट्रोलच्या पावतीवर साहेब सही करतात, कंपनीत. लाइटबिल घरी वहिनी भरतात. त्यांनी एकदा विचारलं, या महिन्यात बिल एवढं कसं आलं? तेव्हापासून मीच काढून ठेवली केबल.”

त्याच्या या उत्तरात जे आहे तेच युरोपातल्या अभ्यासकांनी मोठे अहवाल लिहून सांगितलं. 2022 च्या एका अभ्यासात खाजगी मालकांच्या प्लग-इन गाड्या निम्म्याच्या जवळपास अंतर विजेवर चालल्या. कंपनीच्या गाड्या मात्र 11 ते 15 टक्केच. ज्याला इंधनाचं बिल भरावं लागत नाही तो प्लग शोधत नाही. 2024 मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांच्याच आतल्या नोंदी तपासल्या, तर प्लग-इनचा प्रत्यक्ष कार्बन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाला. चार्ज न केलेली प्लग-इन म्हणजे रिकामी बॅटरी आणि मोटर पाठीवर घेऊन फिरणारी पेट्रोल गाडी. त्यापेक्षा माइल्ड परवडली, निदान ती खोटं वजन वाहत नाही.

आपल्या पट्ट्यात या गाड्या घेतो कोण? आम्ही लहान-मोठे कारखानदार आणि प्लांट हेड. गाडी कंपनीच्या नावावर, चालवणारा ड्रायव्हर, इंधन कंपनीच्या कार्डावर. म्हणजे प्लग-इन फसायला लागणारं सगळं मटेरियल हजर. म्हणून माझं स्पष्ट मत: मालक मागच्या सीटवर बसणार असेल तर माइल्ड घ्या आणि त्याला हायब्रीड म्हणून मिरवू नका. स्वतः चालवत असाल, चार्जिंगचं बिल कुणी भरायचं हे आधी ठरलं असेल, आणि महिन्यातून दोनदा कोल्हापूर-नाशिक होत असेल, तरच प्लग-इन. दूरचा प्रवास फार नसेल तर चाकणलाच बनणाऱ्या महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्या बघा. किंमत निम्म्याहून कमी आणि एक्स्प्रेसवेवर टोलमाफी.

उत्तर प्रदेशने जुलै 2024 मध्ये प्लग-इन हायब्रीडची नोंदणी करमुक्त केली. आपल्याकडेही तसं करा असं मधूनमधून कानावर येतं. दोन-अडीच कोटींच्या गाडीला करमाफी द्यायचीच असेल तर माल तपासून बिल पास करा. वर्षाअखेर गाडीतली नोंद काढा, किती किलोमीटर विजेवर झाले ते बघा, त्या हिशोबाने परतावा द्या. युरोपात अशी नोंद ठेवणारी यंत्रणा नव्या गाड्यांत सक्तीची आहे, त्यामुळे होणार नाही असं कुणी सांगू नये.

मी स्वतः माइल्ड बुक केली. ड्रायव्हर माझ्याकडेही आहे आणि लाइटबिल माझ्याकडेही बायकोच भरते.

मित्राने मात्र हार मानली नाही. त्याने शॉपच्या शेडमध्ये, कॉम्प्रेसरच्या शेजारी, एक सॉकेट आणि छोटा सबमीटर बसवला. गाडी दिवसभर तिथेच उभी असते, आणि बिल कंपनीचं. ड्रायव्हर रोज संध्याकाळी मीटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, मित्र तो मला पुढे पाठवतो. सोमवारी आठ युनिट, मंगळवारी नऊ, बुधवारी आठ. परवाच्या फोटोत आकडा बुधवारचाच होता. खाली ड्रायव्हरने लिहिलं होतं, “गुरुवार. लाईट नाही.”