सापाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. सापाचे कूळ विचारावे की नाही, याविषयी मात्र वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेले नाही. गेल्या पावसाळ्यात तो प्रश्न आमच्यापुढे आला. त्याला आम्ही दिलेले पहिले उत्तर चुकीचे होते, म्हणून हा लेखप्रपंच.

एका सहशिक्षकांच्या गैरहजेरीत आम्ही सातवीचा मराठीचा तास घेत होतो. 'साप साप म्हणून भुई धोपटणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून झाला, तेव्हा नार्व्याहून येणारा एक मुलगा उभा राहिला. ''सर, नाग आणि धामण यांचा संकर होतो का?'' आम्ही हातातले पुस्तक खाली न ठेवता ''लोक तसे म्हणतात खरे'' एवढे बोलून मोकळे झालो. धामण ही नागाची मादी, हे आम्हीही लहानपणी पडवीत बसून ऐकलेले. ऐकलेले पुढे ढकलायला पदवी लागत नाही. पण आमच्या तोंडून निघाल्यामुळे त्याला पदवीचे वजन आले, हे आम्हांस नंतर कळले.

आठ दिवसांनी त्या मुलाची आई शाळेत आली. मुलाने सापाचे पिल्लू बरणीत पाळले होते. कुळागराच्या कडेला चिऱ्यांचा गडगा ढासळला, तेथे ते मिळाले. आजोबांनी ते पाहून 'हे नाग-धामणीचे. याला फणा नाही, म्हणजे विषही नाही' असा निर्वाळा दिला. आईने विरोध केला, तेव्हा मुलाने सांगितले, ''हेडमास्तरही हो म्हणाले.''

आम्ही तत्काळ वनखात्याला दूरध्वनी केला आणि विज्ञानाच्या शिक्षकांस बरोबर घेऊन नार्वे गाठले.

नार्वे हे गाव वाचकांनी सप्तकोटेश्वरामुळे ऐकले असेल. मूळ नार्वे नदीपलीकडे दिवाडी बेटावर. पोर्तुगीजांनी तेथील देवालय पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग पाण्याअलीकडे डिचोलीच्या बाजूस आणले. देवाबरोबर गावाचे नावही आले. पुढे १६६८ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने येथल्या देवालयाचा जीर्णोद्धार सुरू झाला, असे दारावरचा शके १५९० चा शिलालेख सांगतो. या गावाला आपले मूळ सांगण्यासाठी कोणाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही. ते दगडात कोरलेले आहे.

घरी पोहोचलो, तो मुलगा आनंदाने बरणी घेऊन पुढे आला. ''सर, हा काही करत नाही, बघा,'' असे म्हणत त्याने झाकण काढले आणि हात आत घालू लागला. आम्ही ओरडलो. वर्गात एवढ्या मोठ्याने आम्ही कधी ओरडलो नसू. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याचा हात धरला, झाकण घट्ट बसवले आणि बरणी अंगणातल्या तुळशीवृंदावनामागे नेऊन ठेवली.

आजोबा ओसरीवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत. ते म्हणाले, ''मास्तर, मी काय ऐकीव सांगत नाही. चार वर्षांमागे ह्याच भाटात दोन जनावरं एकमेकांना पीळ घालून हातभर उभी राहिलेली मी पाहिली. एक काळसर, एक पिवळट. एक नाग, एक धामण. ह्या डोळ्यांनी पाहिलं.'' यावर काय बोलावे ते आम्हांस सुचेना. डोळ्यांनी पाहिलेल्याला खोटे कसे म्हणावे?

मार्ग मुलानेच दाखवला. पिल्लाने दोन दिवसांपूर्वी टाकलेली कात त्याने वहीत जपून ठेवली होती. कात ही सापाची जन्मपत्रिकाच. ती वाचायला सापाला हात लावावा लागत नाही. शिक्षकांनी ती पांढऱ्या कागदावर पसरली आणि भिंग काढले. पाठीचे खवले गुळगुळीत होते. धामणीच्या पाठीवर मधल्या ओळींच्या खवल्यांना बारीक कणा असतो. तो येथे नव्हता. मग डोक्याकडचा भाग. धामणीला डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये लहान खवले असतात. येथे ते नव्हते. वरच्या ओठाचा तिसरा खवला एका बाजूने डोळ्याला आणि दुसऱ्या बाजूने नाकपुडीच्या खवल्याला भिडला होता. शिक्षकांनी भिंग आजोबांच्या हाती दिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ''आजोबा, हा नागच. निव्वळ नाग.''

''मग फणा?''

फणा ही काही नागाच्या मानेवर कायमची बसवलेली वस्तू नव्हे. भय वाटले की तो मानेच्या बरगड्या पसरतो, त्याचा फणा होतो. एरवी मान इतर सापांसारखीच दिसते. बरणीतल्या पिल्लाने फणा काढला नाही, एवढ्यावरून त्याला विष नाही असे ठरत नाही. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेच विष घेऊन.

आणि आजोबांनी पाहिले ते? तेही खोटे नव्हते. धामणीचे दोन नर मादीसाठी झुंजतात, तेव्हा एकमेकांना पीळ घालून अंग उचलतात आणि दुसऱ्याला खाली दाबू पाहतात. लोक त्या झुंजीला मीलन समजतात. धामण पिवळट असते, तपकिरी असते, काळपटही असते. त्यामुळे एकाच जातीचे दोन नर दोन निराळ्या जातींचे वाटतात. सह्याद्रीच्या रानात नागराज तर धामणीला चक्क गिळतो. तेही कोणी अर्धवट पाहिले, तर भलताच अर्थ लावील. डोळे खरे होते. अर्थ तेवढा ऐकीव होता.

नाग आणि धामण यांची कुळे कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्यांचा संकर होत नाही. संकर होतात ते जवळच्या नात्यात. अमेरिकेत साप पाळणारे हौशी लोक तिकडच्या कॉर्न स्नेक आणि किंग स्नेक या बिनविषारी, एकाच कुळातल्या सापांचा संकर करतात. त्या पिल्लांचे मूळ रंगावरून ओळखणे जाणत्यांनाही कठीण जाते. नागराजाचेच पाहा. १८३६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हापासून तो सर्वत्र एकच जात मानला जाई. २०२४ साली अभ्यासकांनी आनुवंशिक द्रव्य आणि अंगावरचे पट्टे तपासून त्याच्या चार जाती सांगितल्या, आणि आपल्या पश्चिम घाटातल्या जातीला 'कालिंगा' हे नाव दिले. पंडितांना जेथे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लागला, तेथे आम्ही पुस्तकही खाली न ठेवता उत्तर दिले होते!

वनखात्याचा माणूस आला. त्याने बरणीवर काळे फडके टाकले, ती उचलली आणि मुलाला सांगितले, ''साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, बाळा. पण तू त्याला मारलं नाहीस, हे चांगलं केलंस.'' मुलाचे डोळे भरून आले. बारा दिवस त्याने त्या पिल्लाला बेडूक शोधून आणले होते. आजोबांनी त्याला जवळ घेतले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, ''चुकलो मी. ह्याचा हात आत गेला असता तर...'' वाक्य त्यांनी पुरे केले नाही. आमचेही मनातल्या मनात तेच वाक्य चालले होते.

सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही सर्व मुलांसमोर सांगितले की, सातवीच्या वर्गात आम्ही दिलेले उत्तर चूक होते. आम्हांला ठाऊक नव्हते, आणि 'ठाऊक नाही' एवढेच आम्ही म्हणायला हवे होते. मुले चकित झाली. एक दोघे हसलेही. त्या नार्व्याच्या मुलाने मात्र मान खाली घातली नाही. तो आमच्याकडे सरळ पाहत होता.

वाचकहो, आपण बडोद्यास असा, इंदुरास असा की तंजावरास. आपल्या ट्रंकेत पोथ्यांबरोबर या समजुतीही आलेल्या असतात. त्या टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. त्यांत आजोबांचा आवाज आहे. पण सापाशी गाठ पडली, तर त्या आवाजावर विसंबू नये. अंतर राखावे आणि वनखात्याला कळवावे. दंश झालाच, तर जात ओळखीत बसू नये, आवळपट्टी बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. तडक इस्पितळ गाठावे. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. त्यासाठी साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते.

ती कात आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेखाली आहे. खालच्या चिठ्ठीवर त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला आहे : नाग.