आधी मोजू, मग नाव सांगू

श्रावणात आमच्या चौथीतल्या एका मुलीला शाळेच्या कुंपणापाशी पिवळं रानफूल दिसलं. तिच्या बाबांनी मोबाईलवर फोटो काढला आणि ॲपने लगेच उत्तर दिलं: उत्तर युरोपातलं, मोहरीच्या कुळातलं एक दुर्मिळ फूल! संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. "मॅडम, आपल्या नाशकात सापडलं!"

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन अख्खा वर्ग कुंपणापाशी नेला. पाकळ्या चार होत्या आणि शेंगही लांबट, त्यामुळे मोहरी वाटण्यात तशी चूक नव्हती. पण पुंकेसर मोजायला घेतले तर सहावर थांबेचनात. एकाने बारा मोजले, दुसरीने पंधरा, आणि मग भांडण! मोहरीच्या कुळात पुंकेसर सहा असतात, चार उंच आणि दोन बुटके. पाकळ्या अधिकच्या चिन्हासारख्या चार दिशांना असतात. आमच्या फुलाच्या चारही पाकळ्या एकाच बाजूला कललेल्या. पानाला तीन ते पाच पर्णिका, आणि हात लावला की चिकट. म्हणजे ही आपली पिवळी तिळवण, पावसाळ्यात पडीक जागी हमखास उगवणारी. मोहरीची चुलत बहीण म्हणा हवं तर, कारण शास्त्रातही दोघींची कुळं अगदी जवळची मानतात.

मुलीचा चेहरा पडला. "मग दुर्मिळ नाही?" मी नाही म्हटलं, आणि मलाच वाईट वाटलं.

माझा राग ॲपवर नाही. एका फोटोवरून ते अंदाज करतं. त्याला भिंग लावता येत नाही, शेंग सोलता येत नाही. ते आपल्याला येतं, पण नाव मिळालं की आपण बघणंच थांबवतो. बरं, मोहरीचं कुळ शिकवायला युरोपात कशाला जायला हवं? कोबी, फ्लॉवर, मुळा सगळे त्यातलेच. मोहरीची वाळलेली शेंग उघडली की दोन फाका सुटतात आणि मधे पातळ पडदा उरतो. तिळवणीच्या शेंगेत तो पडदा नसतो. मुळ्याची डिंगरी मात्र त्याच कुळातली असून अशी उकलत नाही. मुलं इथे बरोबर पकडतात, "मॅडम, मग नियम मोडला की!" मोडू दे. एका खुणेवर कुळ ठरवायचं नाही, हे त्यांना तिथेच कळतं.

खरी काळजी वेगळीच आहे. ते फूल खरंच दुर्मिळ असतं तर? ठिकाणासकट फोटो ग्रुपवर गेला होता, आणि मी पोचण्याआधी तीन मुलांनी वहीत चिकटवायला फुलं खुडलीही होती. खुडायला आम्हीच तर शिकवतो, 'पानाफुलांचा संग्रह करा' म्हणून.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना लागणाऱ्या अंजनेरीवर एक कंदीलपुष्प फुलतं, सेरोपेजिया अंजनेरिका. ते रुईच्या नात्यातलं. शास्त्राला त्याची ओळख 2006 साली झाली, आणि नावच डोंगराचं. जगात फार थोड्या जागी ते उगवतं. त्याच्या नळीत बारीक माश्या अडकतात, आतले केस सुकले की सुटतात आणि पराग दुसऱ्या फुलात नेतात. असं फूल संग्रहासाठी खुडलं तर त्या वर्षीचं तेवढं बी गेलं. पावसाळ्यात अंजनेरीला सहली जातात, वह्याही सोबत असतात.

म्हणून यंदापासून माझ्या वर्गात फुलं चिकटवणं बंद. रानातलं फूल जागेवरच बघायचं, मोजायचं, चित्र काढायचं, चित्राखाली आकडे लिहायचे आणि नावाची जागा रिकामी ठेवायची. एका आईने विचारलं, "मग मार्क कशाला देणार?" आकड्यांना देणार. नाव चुकलं तर चालेल.

तोडून बघायला घरची भाजी आहेच. थंडीत कुणाच्या मळ्यात मुळा फुलावर आला तर चार काड्या शाळेत पाठवा, डिंगऱ्यांसकट.