'बिल्ड' ह्या क्रियापदाविषयी

अर्धस्वयंचलित 'स्पोर्टिंग' रायफल तयार विकत घ्यावी की स्वतः 'बिल्ड' करावी, हा अमेरिकेतील हौशी नेमबाजांचा जुना वाद आहे. वरकरणी तो पैशांचा आणि यंत्रज्ञानाचा आहे. परंतु भाषा शिकवणाऱ्या माणसाचे लक्ष त्यातील एका विशेषणावर आणि एका क्रियापदावर अडते.

विशेषण आधी घेऊ. ही रायफल बहुधा एआर-१५ च्या घराण्यातली असते. युजीन स्टोनर ह्यांनी १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत तिची रचना केली ('एआर' हे त्या कंपनीच्याच नावाचे संक्षिप्त रूप). १९५९ मध्ये हक्क कोल्टकडे गेले. त्याच आराखड्यातून सैन्याची एम-१६ आली आणि १९६४ पासून नागरिकांसाठी 'स्पोर्टर'. 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हा शब्दप्रयोग तर २००९ मध्ये बंदूक-उद्योगाच्याच एका संघटनेने प्रचारात आणला. तो सर्वस्वी खोटा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ओहायोतील कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय स्पर्धांमध्ये ह्याच जातीच्या रायफली मोठ्या प्रमाणावर दिसतात. पण काही राज्यांत तिची नेहमीची .२२३ गोळी हरणाच्या शिकारीसाठी कायद्याने लहान ठरते, हेही खरे. विशेषण वस्तूचे वर्णन करते त्याहून अधिक तिची वकिली करते, एवढे म्हणून पुढे जाऊ.

क्रियापदाचे प्रकरण अधिक रंजक आहे. कोल्टच्या एकस्वांची मुदत १९७० च्या दशकात संपली आणि एकमेकांना बसणारे सुटे भाग अनेक कारखाने करू लागले. आजचा 'बिल्डर' नळी एका कारखान्याची, दस्ता दुसऱ्याचा, चापाची यंत्रणा तिसऱ्याची अशी खरेदी करून ते सारे टेबलावर जुळवतो. मराठीत ह्याला 'जोडणी' म्हणतात. लोहार फाळ घडवतो, कुंभार मडके घडवतो. इथे घडवणे फारसे नाही. अर्थात आपणही काही कमी नाही. ठेकेदाराला पैसे मोजणारा 'घर बांधले' म्हणतो, सोनाराकडे सोने देणारी आई 'लेकीला पाटल्या केल्या' म्हणते. मात्र ह्या वाक्यांच्या मागे गवंडी आणि सोनार उभे आहेत हे सर्वांना ठाऊक असते. 'बिल्ड' मध्ये कारखाना दिसेनासा होतो आणि ग्राहक कारागीर बनतो.

कायदा ह्या बाबतीत अधिक रोखठोक. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार बंदुकीचा मूळ सांगाडा हीदेखील बंदूकच. एआर-१५ मध्ये हा मान चापाची यंत्रणा सामावणाऱ्या खालच्या भागाला, म्हणजे लोअर रिसीव्हरला, मिळतो. तो दुकानातून अर्ज भरून, पूर्वेतिहासाची तपासणी होऊन घेतला, की बंदूक विकत घेऊन झाली. एरवी नळी, दस्ता वगैरे टपालानेही येतात. म्हणजे 'बिल्ड की बाय' हा पर्यायच मुळात फसवा. बिल्ड करणाराही आधी बाय करतोच.

हातात कधी रायफल न धरलेल्या मास्तराने सल्ला द्यावा का, हा प्रश्न रास्त आहे. तरीही आमचे मत असे की पहिली रायफल तयारच घ्यावी. कारखान्यात तिची चाचणी झालेली असते, हमी संपूर्ण वस्तूची मिळते; स्वतः जोडलेल्या वस्तूत हमी असते ती फार तर तुकड्यांची. जोडणाऱ्याला यंत्राची खीळन्‌खीळ कळते हे मान्य, आणि हे ज्ञान क्षुल्लक नव्हे. पण ते दुसऱ्या रायफलीच्या वेळीही मिळवता येते.

खरा पेच त्यापुढचा आहे. स्वतःच्या वापरासाठी बंदूक करायला संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही, तिच्यावर अनुक्रमांकाची सक्तीही नाही. काही राज्यांनी ती स्वतंत्रपणे केली आहे. मग अर्धवट कोरलेला सांगाडा आणि सुटे भाग एका खोक्यात घालून विकले तर ती बंदूक म्हणायची की नाही? विनाक्रमांकाच्या बंदुकीचा माग पोलिसांना काढता येत नाही, म्हणून हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. २०२२ च्या नियमाने अशा संचांना बंदुकीच्या व्याख्येत आणले. एका गाजलेल्या पिस्तूल-संचाचे नावच 'बाय बिल्ड शूट' होते. वादातील दोन्ही क्रियापदे त्यात एका दमात आली होती, आणि तिसरेही.

२६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. न्यायमूर्ती गॉर्सच ह्यांचे निकालपत्र साहित्याच्या वर्गात वाचावे असे आहे. मानवनिर्मित वस्तूंची नामे अपूर्ण वस्तूलाही लावली जातात, हे सांगताना त्यांनी उदाहरण दिले ते लेखिकेचे: अपुरे हस्तलिखित मित्रांना देऊनही ती आपल्या 'कादंबरी'वरच अभिप्राय मागते. दुसरे उदाहरण दुकानातून सुट्या भागांत आणलेल्या टेबलाचे. न्यायमूर्ती थॉमस आणि अलिटो ह्यांना हा निष्कर्ष पटला नाही. किती अपूर्ण असले की कादंबरी कादंबरी उरत नाही आणि बंदूक बंदूक उरत नाही, ही रेषा मात्र बहुमतानेही आखली नाही. तसे अवघड संच समोर येतील तेव्हा पाहू, असे म्हणून ती पुढच्या खटल्यांवर सोडली आहे.