दार उघडें कोणीं ठेविलें?

बँकेच्या खात्यांतून रक्कम नाहींशी झाली, अगर मोबाइलवर कांहीं विपरीत दिसूं लागलें, कीं बहुतेक कुटुंबांत प्रथम एकच प्रश्न निघतो : ‘कोणीं काय दाबलें?’ वडील मंडळींची नजर घरांतल्या सर्वांत लहान मुलाकडे वळते, आणि तरुण मंडळींची आजीकडे. पुष्कळ वेळां ही विचारणा रास्त असते. खोट्या दुव्यावर बोट ठेवून, अगर परक्यास ओटीपी सांगून फसलेले लोक थोडे नाहींत. परंतु अपघातांचा दुसराहि एक वर्ग आहे. त्यांत घरच्या माणसाचा कांहीं अपराध नसतो. दारच मुळीं सुताराकडून सैल बसविलें गेलेलें असतें. या वर्गाची ओळख सुशिक्षित घरांतहि फारशी नाहीं, म्हणून या महिन्यांत तिचा विचार करूं.

इंटरनेटवरील पानें ज्याच्या द्वारें आपण पाहतों त्या प्रोग्रॅमास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हीं त्यांतील परिचित नांवें. पान उघडलें कीं त्यांतील अक्षरें, चित्रें, ध्वनि, सर्व कांहीं प्रथम यंत्राच्या मेमरींत उतरवून घ्यावें लागतें. ही मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक अतिदीर्घ रांग, असें समजावें. कोणास किती खण दिले आणि ते केव्हां परत घेतले, हा हिशेब प्रोग्रॅम लिहिणारानें चोख ठेवावयाचा असतो. त्या हिशेबांत चूक झाली म्हणजे जो दोष उत्पन्न होतो, त्यास आपण स्मृतिदोष म्हणूं.

त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला मर्यादा ओलांडण्याचा. पंगतीस वीस पानें मांडलीं आहेत, आणि वाढपी न मोजतां पुढें पुढें वाढीतच चालला, तर विसाव्या पानापलीकडचें अन्न जमिनीवर, अगर शेजारीं ठेविलेल्या पूजेच्या साहित्यावर पडेल. दुसरा प्रकार सोडलेल्या खोलीचा. वाड्यांतील बिऱ्हाड उठून गेलें, तेथें नवें बिऱ्हाड आलें, परंतु जुन्याची किल्ली कोणाजवळ तशीच राहिली. तो मनुष्य खोली पूर्वीचीच समजून आंत शिरतो. यांत केवळ गोंधळच होत असता, तर चिंता नव्हती. पण शेजारच्या खणांत प्रोग्रॅमनें पुढें काय करावें याच्या आज्ञाहि लिहिलेल्या असूं शकतात. काय सांडावयाचें हें एखाद्या दुष्टानें आधींच ठरविलें असेल, तर तो जुनी आज्ञा पुसून तेथें आपली लिहितो, आणि प्रोग्रॅम ती निमूटपणें पाळतो.

एक घडलेलें उदाहरण घेऊं. चित्रें थोड्या जागेंत साठविण्याचा वेबपी नांवाचा प्रकार गूगलनें २०१० सालीं प्रसिद्ध केला. हीं चित्रें उलगडण्याचें काम लिबवेबपी हें साधन करितें. तें चांगलें व विनामूल्य असल्यामुळें क्रोम, फायरफॉक्स, एज इत्यादि ब्राउझरांनीं आणि दुसऱ्या असंख्य प्रोग्रॅमांनीं तेंच आपल्या पोटांत घेतलें. या चित्रांच्या एका जातींत हफमनची संकेतपद्धति योजिलेली आहे. वारंवार येणाऱ्या चिन्हास आंखूड संकेत द्यावा, क्वचित् येणाऱ्यास लांब द्यावा, असें तिचें तत्त्व. डेव्हिड हफमन अमेरिकेंत एमआयटी येथें विद्यार्थी असतांना प्राध्यापकांनीं परीक्षा अगर निबंध असा पर्याय दिला. त्यानें निबंध पत्करला, आणि त्यांतून ही पद्धति निघून १९५२ सालीं प्रसिद्ध झाली. तत्त्व निर्दोष आहे. दोष राहिला तो पानें मांडण्यांत.

चित्र उलगडतांना या संकेतांचीं कोष्टकें मेमरींत मांडावीं लागतात. कोणतेंहि सरळ चित्र घेतलें तरी अमुक इतक्यांहून अधिक खण लागणार नाहींत, असें गणित करून तितकेच खण राखून ठेविलेले होते. गणित बरोबर होतें, पण तें प्रामाणिक चित्रांपुरतें. संकेत मुद्दाम वांकडे रचलेलें चित्र आलें म्हणजे कोष्टक राखलेल्या जागेच्या पलीकडे लिहिलें जाई. यजमानानें पाहुण्यांची यादी खरी मानून पानें मांडलीं, आणि यादीच खोटी निघाली.

२०२३ च्या सप्टेंबरांत टोरांटो विद्यापीठांतील सिटिझन लॅब या संस्थेस एक हल्ला सांपडला. वॉशिंग्टन येथील एका नागरी संस्थेंत नोकरीस असलेल्या व्यक्तीच्या आयफोनवर, इस्रायलच्या एनएसओ कंपनीचें पेगॅसस हें हेरगिरीचें साधन, संदेशाबरोबर आलेल्या चित्रांच्या वाटेनें शिरविलें जात होतें. त्या व्यक्तीनें कोठेंहि बोट लावण्याची आवश्यकता नव्हती. ॲपलनें ७ सप्टेंबरला आपली दुरुस्ती प्रसिद्ध केली. लिबवेबपीमधील दोष ॲपल व सिटिझन लॅब यांनीं ६ तारखेस गूगलला कळविला होता. त्याची दुरुस्ती क्रोमसाठीं ११ तारखेस व फायरफॉक्ससाठीं १२ तारखेस निघाली. ही दुरुस्ती मनन करण्यासारखी आहे : संकेत खरे आहेत कीं नाहींत हें आधीं पडताळावयाचें, किती जागा लागते तें पाहावयाचें, कमी पडत असेल तर अधिक घ्यावयाची, आणि मगच लिहावयाचें.

येथें कोणी विचारील, हें साधन लिहिणारे अडाणी होते काय? मुळींच नाहीं. तें लिहिलें आहे सी या भाषेंत. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत ही भाषा रचली. वेग हा तिचा मोठा गुण. पण प्रत्येक खणापाशीं थांबून ‘ही जागा माझीच ना?’ असें ती विचारीत नाहीं. लेखकानें तें पाहिलेंच असेल, असें ती गृहीत धरते. क्रोमियम प्रकल्पानें २०१५ पासूनचे ९१२ गंभीर दोष तपासले, तेव्हां सुमारें शेंकडा ७० दोष स्मृतीच्या हिशेबाचे निघाले; हें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. मायक्रोसॉफ्टनेंहि २०१९ सालीं आपल्या प्रोग्रॅमांविषयीं जवळ जवळ हाच आंकडा सांगितला होता. वर्गांतील शेंकडा सत्तर मुलें एकाच जातीच्या उदाहरणांत वर्षानुवर्षें चुकत असतील, तर मुलांस छडी दाखविण्यापेक्षां शिकविण्याची रीतिच तपासणें शहाणपणाचें नव्हे काय?

ती तपासणी आतां चालू आहे. क्रोम २००८ पासून परक्या पानाचें काम एका बंदिस्त खोलींत करवितो. तेथें आग लागली तरी ती माजघरांत सहसा पोहोंचूं नये, हा हेतु. परका मजकूर, हिशेब न तपासणारी भाषा आणि मोकळी खोली, या तिघांची गांठ एके ठिकाणीं कधीं पडूं द्यावयाची नाहीं, असा नियमच त्याच्या कर्त्यांनीं घालून घेतला आहे. दुसरा उपाय भाषा बदलण्याचा. ग्रेडन होअर यांनीं २००६ सालीं रस्ट ही भाषा आरंभिली, मोझिलानें तिला आश्रय दिला, आणि २०१५ सालीं तिची पहिली स्थिर आवृत्ति निघाली. खणाचा मालक कोण हें ती प्रोग्रॅम चालण्यापूर्वींच पडताळून पाहते, आणि चालतांना कोणी मर्यादा ओलांडूं लागल्यास त्यास तेथेंच थांबविते. अँड्रॉइडमधील नवा भाग अशा सुरक्षित भाषांत लिहिला जाऊं लागल्यावर, तेथील एकूण दोषांत स्मृतिदोषांचें प्रमाण २०१९ मधील शेंकडा ७६ वरून २०२४ मध्यें २४ वर उतरलें, असें गूगलनें जाहीर केलें आहे. जुने कोट्यवधि शब्द मात्र एका रात्रींत पुन्हां लिहून होत नाहींत.

तोंपर्यंत घरच्या माणसाच्या हातीं जें आहे तें एवढेंच, कीं निघालेली दुरुस्ती लौकर घरांत आणावी. दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे छिद्र कोठें होतें हें चोरांसहि कळतें; त्यापुढें विलंबाचा प्रत्येक दिवस त्यांच्या पथ्यावर पडतो. ब्राउझर नवी आवृत्ति पुष्कळदां आपण होऊन उतरवून घेतो, परंतु तो एकदां बंद करून पुन्हां उघडल्याखेरीज ती लागू होत नाहीं. महिनोन्‌महिने तो उघडाच ठेवणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. ब्राउझरबरोबर इतर प्रोग्रॅमहि अद्ययावत् करावे. वरील प्रकरणांत एकच साधन किती घरांत होतें तें आपण पाहिलेंच. एखाद्या पानावर ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, येथें दाबा’ अशी पाटी आली तर मात्र तिच्या नादीं लागूं नये. दुरुस्ती ब्राउझरच्या स्वतःच्या यादींतून अगर प्ले स्टोअरसारख्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. वकील, पत्रकार यांसारख्या ज्यांवर पाळत राहण्याचा संभव आहे, त्यांच्यासाठीं आयफोनमध्यें २०२२ पासून लॉकडाउन मोड ही कडक व्यवस्था आहे. वरील हल्ला तिनें अडविला असता, असें सिटिझन लॅबनें सांगितलें आहे.

एकत्र कुटुंबांत एक रूढि विशेष घातक आहे. मुलगा नवा फोन घेतो, आणि ज्यास कंपनीनें दुरुस्त्या पाठविणें बंद केलें आहे असा जुना फोन आईवडिलांच्या हातीं देतो. ‘त्यांना काय, वर्तमानपत्रच तर वाचावयाचें!’ असें म्हटलें जातें. पण त्याच फोनवर वडिलांचें पेन्शन जमा झाल्याचा निरोप येतो, आणि बँकेचें ॲपहि त्यावरच असतें. ज्यांची आयुष्याची पुंजी मोठी आणि अडचण आली असतां धांवपळ करण्याची शक्ति थोडी, त्यांच्याच वांट्यास सर्वांत सैल दार द्यावें, हा न्याय नव्हे. त्यांना साधा फोन द्यावा, पण दुरुस्त्या मिळणारा द्यावा; आणि जुन्यावर पैशाचे व्यवहार ठेवूं नयेत.

दुधाचा हिशेब, विजेचें बिल, गॅसची नोंद, हीं कामें घरोघरीं कोणा एकाकडे नेमलेलीं असतात. आठवड्याच्या एका ठरलेल्या दिवशीं घरांतील सर्व फोनांच्या व संगणकांच्या दुरुस्त्या पाहण्याचें कामहि तसेंच एकाकडे नेमून द्यावें. दहावी-अकरावींतला नातू हें काम आनंदानें करील, आणि ‘कोणीं काय दाबलें?’ हा प्रश्न त्याला ऐकावा लागण्याचे प्रसंगहि कमी येतील.